चाक हाललं का?

"निघालो म्हंजे? चाक हाललं का?"

फोनवर कुणी 'निघालो, पाचच मिनिटांत पोचतो' असं म्हणालं की ती एवढंच विचारायची. आवाज चढवायची नाही. चष्मा कपाळावर सरकवायची आणि उजव्या हाताचं बोट टेबलावर गोल फिरवत राहायची. पलीकडचा माणूस चाचरायचा. कारण तुम्हीही पाहिलं असेल, आपल्याकडं 'निघालो' म्हणून सांगणारा माणूस बहुतेक वेळा टॉवेल गुंडाळून उभा असतो. आपण ते धरूनच चालतो आणि आपली वेळ आली की आपणही तेच सांगतो. तिला मात्र ते चालत नसे.

एकदा आमच्या सरांचा फोन आला. सर म्हणजे ऑफिसचे मालक.

"मॅडम, निघालोय मी. क्लायंट आले तर बसवून घ्या."

"सर, मागं कुकरची शिट्टी व्हायलीय. चाक हाललं का?"

"निघतोच आहे हो!"

"मग निघतोय म्हना की. निघालो कशाला म्हनता?"

पगार सर देत होते, हे माझ्या लक्षात होतं. तिच्याही असावं. पण त्या दिवसापासून सर आधी स्कूटर चालू करायचे आणि मग फोन लावायचे. आम्हाला इंजिनाचा आवाज ऐकू यायचा. एकदा तर ते दहा मिनिटं गाडी दारातच चालू ठेवून बोलत होते, हे त्यांच्या मिसेसनी नंतर सांगितलं.

तिचं नाव मी सांगत नाही. छापून आलेलं तिला आवडायचं नाही. सर तिला 'मॅडम' म्हणत, मी 'ताई'. चाळिशीच्या आसपासची, अणदूरची. कॉटनची साडी, खांद्याला झोळीसारखी पिशवी, पिशवीत ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी. तुम्ही आमच्या ऑफिसात आला असतात तर तुम्हाला वाटलं असतं, या बाई खालच्या मजल्यावर झेरॉक्स काढायला आल्या होत्या आणि चुकून वर आल्या.

ऑफिस धाराशिवातच, कचेरीच्या रस्त्याला, झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर. दोन खोल्या, एक इन्व्हर्टर, बाहेर 'सोल्यूशन्स' असं लिहिलेली पाटी. सर पुण्यात दहा वर्षं नोकरी करून परत आलेले. 'आपल्या मातीत सॉफ्टवेअर' हे त्यांचं स्वप्न, आणि माती खिडकीतून भरपूर येत असे. मी स्क्रीन बनवायचो. आमची कायमची टेस्टर बाळंतपणाच्या रजेवर गेली म्हणून सहा महिन्यांसाठी ताई आली. त्याआधी ती तुळजापुरात कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची. तिथंही कुणाच्या तरी रजेवरच.

"मी सगळीकडं दुसऱ्याच्या रजेवरच जगायलेय बघ," असं ती हसत सांगायची.

आमच्याकडं तेव्हा एकच मोठं काम होतं. परंड्याकडच्या एका संस्थेनं तीन गाड्या ठेवल्या होत्या, अडलेल्या बायांना वाड्या-वस्त्यांवरून दवाखान्यात न्यायला. त्यांची कंट्रोल रूम सोनारीला. आम्ही त्यांचं ॲप करत होतो. घरच्या माणसानं नाहीतर आशाताईनं बटण दाबायचं, निरोप संस्थेच्या सर्व्हरला जायचा, सर्व्हरनं उत्तर द्यायचं आणि मोबाईलवर मोठ्या हिरव्या अक्षरांत यायचं : 'गाडी निघाली.' ती हिरवी ओळ मी लिहिली होती. मला ती फार आवडायची.

माझी अक्का, म्हणजे थोरली बहीण, त्याच भागातल्या एका वस्तीवर दिलेली. तिला तेव्हा सहावा महिना होता. पहिलं मूल पोटातच गेलेलं, म्हणून आई रोज सकाळ-संध्याकाळ फोन करायची. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. ताईनं दुसऱ्याच दिवशी विचारलं, "अक्काचे दिवस कधी भरायलेत?" मी तारीख सांगितली. तिनं ती कॅलेंडरवर पेन्सिलीनं गोल करून ठेवली आणि म्हणाली, "त्याच्या आत हे नीट झालं पायजे." मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं!

संस्थेचा सर्व्हर मात्र आम्हाला मिळत नव्हता. सचिवांना फोन केला की म्हणायचे, "सर्व्हर चालूच हाय की. पन कमिटीची मिटिंग झाल्याबिगर बाहेर देता येत न्हाय." मिटिंग काही होत नव्हती. म्हणून आम्ही मॉक सर्व्हर वापरायचं ठरवलं.

मॉक सर्व्हर म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी एवढ्यापुरता चहा घेऊन यावा. बाकीच्यांसाठी सांगतो. खरा सर्व्हर हाताशी नसला की आपल्याच मशीनवर एक खोटा उभा करायचा. ॲपनं विचारलं की त्यानं खऱ्यासारखं उत्तर द्यायचं. एका काळ्या खिडकीत तो चालू ठेवायचा आणि शेजारच्या खिडकीत जावास्क्रिप्टच्या टेस्ट सोडायच्या. त्या टेस्ट माणसासारखी बटणं दाबत जातात आणि स्क्रीनवर बरोबर तेच येतं का बघतात. आलं तर हिरवी खूण, नाही आलं तर लाल. माणसाला काही करावं लागत नाही, नुसतं बघत बसायचं. हे काम मला मनापासून आवडतं.

हे सगळं मी ताईला पहिल्या आठवड्यात मोठ्या थाटात समजावून सांगितलं. फळ्यावर बाण काढले. ती सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजे खोटी पॅसेंजर."

"काय?"

"आमच्या दादांची, म्हंजे वडलांची, जीप व्हती. अणदूर ते नळदुर्ग वडाप. रिकाम्या जीपमधी कोन बसतंय? कुनीच न्हाय. म्हनून दादा मला पुढच्या शिटावर बसवायचे. आठ वर्षांची व्हते. डोक्यावर पदरासारखी ओढणी, मांडीवर पिशवी. आन दादा वरडायचे, निघाली, निघाली, नळदुर्ग निघाली! लोकांना वाटायचं, भरायलीय वाटतं. मग एकेक चढायचा. खरी मानसं आली की दादा हळूच म्हनायचे, उतर गं. मी उतरायचे. परत दुसऱ्या फेरीला बसायचं."

"मग तुम्ही नळदुर्गला कधी गेलाच नाहीत?"

"कवाच न्हाय. जीप निघायच्या आधी मी उतरलेली असायचे की!" ती खळखळून हसली. "म्हनून तर मला ठाऊक हाय ना. निघाली, निघाली म्हनतात तवा चाक तसूभर हाललेलं नसतंय."

माझा मॉक सर्व्हर तिनं पाहिला तो त्याच आठवड्यात. मी तो अर्ध्या तासात लिहिला होता. काहीही विचारा, डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर : 'निघाली'. चाळीस टेस्ट, चाळीसच्या चाळीस हिरव्या. मी खुर्चीत मागं रेलून बसलो होतो.

"ह्यो सर्व्हर हाय का नवी सून?" ताई म्हणाली. "इचारायच्या आत व्हय म्हनतोय."

"मॉक आहे ताई. तो असाच असतो."

"खरा असा असतोय का पन?"

"ते कुणाला माहीत! मिटिंग होईल तेव्हा कळेल."

त्या रविवारी ती स्वतःच्या खर्चानं, कुणाला न सांगता सोनारीला जाऊन आली. भैरवनाथाचं दर्शन घेतलं, भाकरी माकडानं पळवली, आणि मग कंट्रोल रूममध्ये संध्याकाळपर्यंत बसली. कंट्रोल रूम म्हणजे एक खोली, एक कॉम्प्युटर आणि एक मामा. साठीचे, पांढरी टोपी, गोड बोलणारे. सोमवारी आल्या आल्या तिनं मला समोर बसवलं आणि बोट टेबलावर फिरवायला लागली.

"तितं काय व्हतंय सांगू? फोन वाजला की मामा आधी बटन दाबतात, घरच्यांच्या मोबाईलवर मेसेज जातोय, गाडी निघाली. मग खिडकीतून वाकून ड्रायव्हरला हाका मारतात. ड्रायव्हर आंघोळीला, न्हायतर जेवायला, न्हायतर पंक्चर काढायला. मी मामाला म्हनलं, गाडी तर हितंच हाय, मग निघाली कशाला दाबता? तर म्हनले, ताई, घाबरलेल्या मानसाला आधी धीर द्यावा लागतोय. गाडी काय, मागनं जातीयच की."

"मग? चांगलाच आहे की माणूस."

"लई चांगला हाय. तीच तर अडचन हाय." ती पुढं वाकली. "आरं, निघाली वाचलं की घरचे काय करत्यात? दारात आलेली शेजाऱ्याची गाडी परत लावत्यात. आन वाट बघत बसत्यात. पाऊन-पाऊन तास बसलेत लोक. मामाच्या वहीत हाय सगळं."

नंतरचे तीन दिवस ती मॉक सर्व्हर नव्यानं लिहीत बसली. तिचा मॉक म्हणजे सोनारीचे मामाच होते. विचारल्याबरोबर 'निघाली' म्हणायचा, पण गाडीची जागा, जी जीपीएसवरून सर्व्हरकडं येते, ती वीस-वीस मिनिटं तशीच ठेवायचा. कधी उत्तर अर्धंच द्यायचा. कधी दुपारी दीड ते अडीच गप्पच बसायचा. मग माझ्या टेस्ट बाजूला ठेवून तिनं स्वतःच्या चाळीस लिहिल्या. पहिल्या टेस्टचं नाव : 'चाक हाललं का'. गाडीची जागा बदलली तरच स्क्रीनवर 'निघाली' आलं पाहिजे. तोवर काय यायला पाहिजे तेही तिनं लिहून ठेवलं : 'ड्रायव्हरला निरोप दिला आहे. गाडी अजून जागेवरच आहे. दुसरी सोय असेल तर थांबू नका.'

टेस्ट सोडल्या. चाळीसपैकी सव्वीस लाल. माझ्या लाडक्या हिरव्या ओळीचं पार वाटोळं झालं.

सर आले, त्यांनी स्क्रीन पाहिली आणि खुर्ची ओढून बसले. "मॅडम, सोमवारी सचिव डेमोला येतायत. असं लालभडक दाखवायचं का त्यांना? आणि 'दुसरी सोय असेल तर थांबू नका' असं कुठल्या ॲपमध्ये लिहितात हो? इम्प्रेशन काय पडेल?"

"खरं हाय ते लिवलंय सर."

"खरं आपण नंतर टाकू. पुढच्या व्हर्जनला."

"पुढच्या व्हर्जनचं चाक कवा हालनार?"

सर माझ्याकडं बघायला लागले. मी जमिनीकडं.

आता जे सांगायचं ते सांगायला जिवावर येतं, पण ताईबद्दल लिहायला बसलोय तर सांगायला हवं. सोमवारी डेमोच्या आधी अर्धा तास सरांनी ताईला पेढे आणायला पाठवलं. ती जिना उतरली तशी मी तिचा मॉक बंद केला आणि माझा जुना गोड मॉक परत लावला. एका ओळीचं काम. तिच्या टेस्टही बाजूला काढून मी माझ्या जुन्या चाळीस परत लावल्या.  सरांनी पंखा एक नंबरानं वाढवला.

सचिव आले, दोन सदस्य आले. टेस्ट सोडल्या. टपाटप हिरवं, हिरवं, हिरवं. सचिव म्हणाले, "वा, लई फास्ट हाय की!" टाळ्या पडल्या. त्याच वेळी ताई पेढ्याचा पुडा घेऊन दारात उभी राहिली. तिनं स्क्रीनकडं पाहिलं. चाळीस हिरव्या खुणा. मग माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर माझी बिनपाण्यानं करणार. पण तिनं सगळ्यांना पेढे वाटले, मलाही दिला.

पाहुणे गेल्यावर एवढंच म्हणाली, "पोरीला जीपमधी बसवलंस आन जीप भरली म्हनून सांगितलंस."

"ताई, सरांनी..."

"अक्काची तारीख जवळ यायलीय बघ," ती कॅलेंडरकडं बघून म्हणाली. स्वतःचा पेढा तिनं कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकला.

ॲप सुरू झालं. मिटिंगही झाली, खरा सर्व्हर जोडला गेला. सोनारीचे मामा नव्या कॉम्प्युटरवर जुन्या प्रेमानं 'निघाली' दाबू लागले आणि माझी हिरवी ओळ वस्त्यावस्त्यांवर दिसू लागली. पेपरात दोन कॉलम बातमी आली, सरांनी ती लॅमिनेट करून भिंतीवर लावली. ताई मात्र रोज सकाळी दहाला आली की आपला तो खरा बोलणारा खोटा सर्व्हर चालू करायची आणि शेजारी टेस्ट सोडायची. सव्वीस लाल. त्या तशाच पडद्यावर ठेवून ती दुसरं काम करत बसायची. मी पाणी प्यायला उठलो तरी ते लाल मला दिसायचं. मी मग खोलीच्या दुसऱ्या बाजूनं जायला लागलो.

अक्काची तारीख अजून आठ दिवस लांब होती. दुपारी बाराच्या सुमाराला दाजींचा फोन आला.

"पाव्हणं, हिच्या पोटात दुखाय लागलंय. आशाताई आल्यात, त्या म्हनत्यात लगेच न्यावं लागतंय. तुमच्या ॲपवर बटन दाबलं. गाडी निघाली म्हनून आलंय हिरवंगार." आवाजात केवढा विश्वास! मेहुण्यानं केलेलं ॲप ना! "मग एक इचारायचं व्हतं. शेजारचा पिकअप दारात हुबा हाय. त्याला कांदा घेऊन बार्शीला जायचंय, मगाधरनं खोळंबलाय बिचारा. गाडी निघालीच हाय तर त्याला लावून देऊ का?"

फोन स्पीकरवर नव्हता, पण दाजींचा आवाज असा की खालच्या झेरॉक्सवाल्यालाही ऐकू जावा. ताई उठून माझ्या टेबलापाशी आली. चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नाही.

"त्यास्नी म्हन, एक मिनिट पिकअप सोडू नगा," ती म्हणाली आणि आपल्या फोनवरून सोनारीला लावला. स्पीकर चालू केला.

"मामा, आत्ता एक कॉल आला तुमच्याकडं. गाडी?"

"निघाली की ताई! मघाच निघाली."

"मामा, जरा खिडकीतनं बघा. चाक हाललंय का?"

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सर आपल्या खोलीतून बाहेर येऊन दारात उभे राहिले होते.

"हितंच हाय ताई," मामा हळू आवाजात म्हणाले. "दोन गाड्या बाहेर गेल्यात. तिसऱ्याचा ड्रायव्हर जेवायलाय. मी बलवतो त्याला, आत्ता बलवतो."

मी फोनमध्ये ओरडलो, "दाजी, कांदा उतरवा! पिकअपमध्ये घाला अक्काला! आमच्या गाडीची वाट बघू नका!"

"आवं पन हितं तर निघाली म्हनतंय..."

"खोटं आहे ते दाजी! मीच लिहिलंय ते!"

असं मी म्हणालो. सरांसमोर, ताईसमोर, उभ्या ऑफिससमोर. उभं ऑफिस म्हणजे आम्ही तिघंच, पण तरीही.

पुढचा तासभर मी काय केलं ते मला आठवत नाही. ताईनं मला पाणी दिलं होतं, एवढं आठवतं. दीड वाजता दाजींचा फोन आला. परंड्याच्या दवाखान्यात पोचल्यावर वीस मिनिटांत मुलगी झाली. नाळ गळ्याभोवती होती. डॉक्टर म्हणाले, घरी किंवा वाटेत झालं असतं तर अवघड होतं. दोघी ठीक होत्या. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो, आणि ताई पाठीवर हात फिरवत म्हणाली, "रड, रड. मामा झालास बाबा." संस्थेची गाडीही पोचली म्हणे वस्तीवर, दीड वाजून गेल्यावर. दारात अक्काची सासू आणि अकरा गोण्या कांदा होता.

सर दारातून आत आले. मग म्हणाले, "मॅडम, तुमची ती ओळ टाका. आजच."

टाकायला वेळ लागला नाही. तिच्या टेस्ट तयारच होत्या, रोज सकाळी लाल दिसणाऱ्या त्याच. मी कोड बदलत गेलो, ती टेस्ट सोडत गेली. लालाचं हळूहळू हिरवं व्हायला लागलं. शेवटी 'चाक हाललं का' हिरवी झाली. ताईनं ड्रॉवर उघडला, तो दगड झालेला पेढा काढला, टेबलावर आपटून फोडला आणि अर्धा मला दिला. दात दुखले, पण खाल्ला.

मामांना काढून टाकायचं सचिवांच्या मनात होतं. ताईनं फोन करून त्यांना सुनावलं, "त्या मानसाची काय चूक? त्यास्नी धीर द्यायचं येगळं बटन द्या." मग आम्ही तसं बटण करून दिलं. मामांनी ते दाबलं की मोबाईलवर येतं : 'घाबरू नका, ड्रायव्हरला उठवतोय.' लोकांना ते आवडलं असं कळलं.

पुढं संस्थेच्या कार्यक्रमात सत्कार झाला. सरांना शाल, मला शाल, दोघांना नारळ. ताईला निमंत्रण होतं, नाव पुकारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या हातात माईक आला. मी म्हणालो, "हे सगळं आमच्या टीममुळं." टीम शेवटच्या रांगेत पंख्याखाली बसून टाळ्या वाजवत होती. तिचं नाव घ्यायला मला किती वेळ लागला असता? ते का घेतलं नाही, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. लाज मात्र त्याच दिवशी वाटली आणि आजही वाटते.

सहा महिने झाले. कायमची टेस्टर बाळाचे फोटो घेऊन परत आली. सरांनी ताईला निरोपाचं म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. तिनं ते कानाला लावलं आणि विचारलं, "सेल घातलाय का सर?" घातला नव्हता. सर झेरॉक्सच्या दुकानातून सेल घेऊन आले.

मी म्हणालो, "ताई, मी सरांशी बोलतो. दोघी राहा की. काम आहे."

"सरांकडं दोन पगार न्हायत, ठाऊक हाय मला," ती पिशवी भरत म्हणाली. "आन येड्या, खरी आली की उतरायचं असतंय. लहानपनीच शिकलेय मी ते."

मी तिला सोडायला जीप थांबतात तिथं गेलो. तुळजापूरची एक जीप उभी होती, पूर्ण रिकामी. ड्रायव्हर बोनेटला टेकून ओरडत होता, "चला निघाली, तुळजापूर निघाली, निघाली!" ताईनं माझ्याकडं बघून चष्मा कपाळावर सरकवला, आणि आम्ही दोघंही हसलो. ती मधल्या सीटवर खिडकीशी बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत घड्याळ.

"बरंय ताई," मी म्हणालो.

"आत्ताच काय बरंय? अजून हाय की मी हितंच."

दहा मिनिटं झाली. दोन माणसं येऊन रिकामी जीप बघून पुढं गेली. ड्रायव्हर माझ्याजवळ आला आणि कानाशी म्हणाला, "सायेब, जरा आत बसता का? उगंच. म्हंजे भरल्यागत दिसतंय."

मी ताईकडं पाहिलं. ती सरकून बसली.

बसलो. शहाण्यासारखा, मांडीवर हात ठेवून. कुठंही न जाणारा पॅसेंजर. मला बोलायचं होतं. माईकवर जे म्हणालो नाही ते म्हणायचं होतं. तेवढ्यात एक बाई दोन पोरींसह चढली, मागून एक म्हातारा, मग कॉलेजची तीन पोरं. जीप भरत चालली.

"ताई, त्या दिवशी सत्काराला मी तुमचं नाव..."

"उतर गं," ताई हळूच म्हणाली. तिच्या दादांच्या आवाजात असावं. डोळे भरलेले होते, पण हसत होती. "खरी मानसं आली बघ. उतर आता."

मी उतरलो. माझ्या जागेवर एक पोतं आणि पोत्याचा मालक बसला. दार लागलं, ड्रायव्हर चढला, पुन्हा एकदा ओरडला, "निघाली, निघाली!" मी हात हलवला. ताईनं हलवला नाही. तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि खाली, मागच्या चाकाकडं बघत राहिली. मीही बघायला लागलो.

चाक हाललं. मग तिनं हात हलवला.